पोह्याच्या पापडांचा पीळ

लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेला माणूस दुसरी जिलेबी पानात पडली की हमखास विचारतो, "तुम्ही रिटायर कुठून झालात?" मी सांगतो, "कारखान्यांतून हिंडायचो. फिरणाऱ्या शाफ्टचा पीळ मोजायचो." तो माझ्याकडे एकदा नीट बघतो आणि पलीकडच्या माणसाशी पावसापाण्याचं बोलायला लागतो. चौतीस वर्षं मी हे काम केलं आणि चौतीस वर्षं हेच चाललंय. आमच्या सासऱ्यांनी तर मुलगी देताना गावात "जावई मोटारीच्या कंपनीत आहे" असं सांगून वेळ मारून नेली होती. म्हणून म्हटलं, दिवाळीच्या निमित्ताने एकदाचं समजावून टाकावं. वाचणाऱ्याला उठून दुसऱ्या पंगतीला जाता येत नाही, हा लिहिण्याचा मोठा फायदा आहे.

घरात चादर धुतली की दोघंजण दोन टोकं धरून ती पिळतात. एकाने फिरवायचं, दुसऱ्याने धरून ठेवायचं. दुसरा जितका घट्ट धरेल तितका चादरीला पीळ जास्त. यंत्रात तेच होतं. मोटर एका टोकाने पोलादी दांडा फिरवते, त्यालाच शाफ्ट म्हणायचं. दुसऱ्या टोकाला जे काम असेल ते त्याला अडवतं, मग ते पाणी उपसायचं असो, रसायन ढवळायचं असो की होडी ढकलायचं. मधला दांडा पिळला जातो. डोळ्यांना दिसत नाही, पण पिळला जातो. तो पीळ मोजला की यंत्रावर ताण किती आहे ते कळतं. ताण फार झाला तर दांडा तुटतो, आणि कारखान्यात दांडा तुटला की प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. अशा वेळी मला बोलवायचे.

पण गरागरा फिरणाऱ्या वस्तूला मोजणार कसं? मी नोकरीला लागलो तेव्हा दांड्यावर केसासारख्या तारेची, दांड्याबरोबर ताणली जाणारी एक पट्टी चिकटवायचो. त्या पट्टीची वायर बाहेर आणायची तर दांडा फिरताक्षणी ती त्याच्यावरच गुंडाळली जायची. त्यावर उपाय म्हणून दांड्याबरोबर फिरणाऱ्या पितळेच्या कड्या आणि त्यांना घासत वीज बाहेर आणणारे कार्बनचे ब्रश आले, त्यांच्याबरोबर ठिणग्या आणि धूळही आली. पुढे दांड्यावरच बॅटरी आणि छोटा ट्रान्समीटर पट्ट्याने बांधायला लागलो. एका कारखान्यात असा ट्रान्समीटर पट्टा तुटून सुटला आणि मॅनेजरच्या कानाजवळून जाऊन भिंतीवरच्या सुरक्षिततेच्या पाटीवर आपटला. मॅनेजर देवमाणूस होता. पाटीकडे बघून म्हणाला, "चला, आज पहिल्यांदा कामाला आली."

मग चुंबकाचे सेन्सर आले आणि आमच्या धंद्याचं सोनं झालं. पोलादाचा एक गुण असा की त्याला पिळलं की त्याचा चुंबकीय स्वभाव किंचित बदलतो. साबणाच्या वडीएवढं एक डबडं दांड्यापासून नखाएवढ्या अंतरावर बसवायचं. त्यातली तारेची एक गुंडाळी दांड्यावर हलकं चुंबकत्व सोडते, बाकीच्या गुंडाळ्या परत काय आलं ते टिपतात. चिकटवाचिकटवी नाही, बांधाबांधी नाही, दांड्याला स्पर्शसुद्धा नाही. दांडा फिरता असो की थांबलेला, लॅपटॉपच्या पडद्यावरची रेघ त्याचा पीळ सांगते. लोक तोंडात बोट घालायचे, आणि खरं सांगतो, मला ते फार आवडायचं.

मुरुडला एका मासेमारीच्या बोटीवर मी हे बसवलं होतं. मालक इस्माईलचाचा इंजिनच्या खोलीत वाकून बराच वेळ बघत बसले. म्हणाले, "हात न लावता पोटातलं सांगतंय म्हणजे कमालच हाय. मग सुरमई कुठं हाय तेवढं पण विचार की त्याला!" काम झाल्यावर त्यांनी मला दोन सुरमया दिल्या आणि वर बजावलं, "ह्या आम्ही न विचारता शोधल्या हां."

या सगळ्या कौतुकाने मला एक वाईट सवय लागली. रिपोर्ट वाचून झाला की मी फाइल मिटायचो आणि म्हणायचो, "माणूस खोटं बोलेल, यंत्र बोलणार नाही." वाक्य चांगलं होतं. साहेब लोक माना डोलवायचे. मीही माझ्याच वाक्यावर मनातल्या मनात मान डोलवायचो. त्या वाक्याची किंमत मला कळली ती निवृत्त झाल्यावर, पापडाच्या पिठापाशी.

निवृत्तीच्या दिवशी कंपनीने विचारलं, घड्याळ हवंय की चांदीची समई? मी म्हटलं, सेन्सरचा डेमोचा जुना सेट द्या. ते हसले, पण दिला. तो घेऊन मी मुरुडच्या अलीकडे, खाडीच्या तोंडाशी असलेल्या आमच्या गावी राहायला आलो. मी मोकळा झालो तरी आमच्या घरातली दुसरी नोकरी जोरात चालू होती. माझी बायको सुलभा गावातल्या बायकांच्या बचत गटाची अध्यक्ष. पंधरा बायका, आणि माल एकच: पोह्याचे पापड.

पोह्याचे पापड ज्यांना ठाऊक नाहीत त्यांनी आधी ते खावेत आणि मग पुढे वाचावं. पोह्यांचं पीठ, मिरची, हिंग, मीठ, पापडखार, हे सगळं घट्ट भिजवायचं आणि तेलाचा हात लावून उखळात कुटायचं. कुटायचं म्हणजे किती, तर चिमूट ओढली की तुटायच्या आधी तार धरेपर्यंत. ते कुटणं म्हणजे खायचं काम नाही. गटात हे काम पहिल्यापासून कमलवहिनींकडे. आमच्या वाडीतल्याच, माझ्या बालमित्राची बायको. बोलायला तिखट, कामाला वाघीण. पंधरा जणींच्या लाटण्याला पुरेल एवढं पीठ त्या एकट्या मुसळाने कुटायच्या. शेवटी उजव्या खांद्याने मान टाकली. हात खांद्याच्या वर जाईना. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, मुसळ आता उचलायचंच नाही.

मग कमलवहिनींनी कुटण्याचं यंत्र आणायचं मनावर घेतलं. चौदा जणींच्या दारात जाऊन एकेकीला पटवलं. "मशिनीच्या पापडाला चव नसते" म्हणणाऱ्या म्हाताऱ्यांना "उखळाला चव होती की माझ्या खांद्याला?" असं विचारून गप्प केलं. यंत्र आलं. मोठं स्टीलचं भांडं, त्यात फिरणारे दोन जाड हात, आणि बाजूला मोटर आणि गिअरबॉक्स. नारळ फुटला, हळदकुंकू झालं, आणि कमलवहिनी मुसळ सोडून बटणापाशी उभ्या राहिल्या. त्या दिवशी त्यांचा चेहरा असा फुलला होता की सुलभा घरी येऊन म्हणाली, "अहो, कमल परत नवरीसारखी दिसत होती."

आणि शाफ्ट तुटला. नवा मागवला, तोही तुटला. दोन्ही वेळा बटणापाशी कमलवहिनीच होत्या. यंत्र बनवणारा फोनवर म्हणाला, "मॅडम, लेडीज लोग ठूस ठूस के भरते हैं. ये तीसरा शाफ्ट भेजता हूं, लास्ट है. अब टूटा तो मशीन वापस." झालं, ज्यांना यंत्र नकोच होतं त्यांना तोंड फुटलं. "उखळ कधी तुटलं होतं का गो?" यंत्र परत गेलं तर पुन्हा मुसळ येणार, आणि मुसळ आलं की कमलवहिनींना गटात कामच उरणार नव्हतं. लाटायला बसून त्यांचा खांदा तासभरही टिकत नसे.

एका सकाळी त्या आमच्या अंगणात येऊन उभ्या राहिल्या. "भावोजी, तुमचं ते डबडं हाय ना, ते आणा. मी जादा भरत न्हाय आणि दाबत बी न्हाय. ह्या सगळ्यांना दाखवा एकदा." मला आनंदाचं भरतं आलं. निवृत्त माणसाला कोणीतरी कामाला बोलावलं होतं! मी इस्त्रीचा शर्ट घातला.

गटाच्या शेडमध्ये पंधरा बायका जमल्या होत्या. मी भांड्याखालच्या चकचकीत दांड्यापाशी सेन्सर बसवला, दोन शब्द चुंबकाच्या शास्त्राबद्दल बोललो आणि म्हटलं, "करा सुरू." यंत्र फिरलं, पीठ फिरलं. पडद्यावरची रेघ ढिम्म हलली नाही. मी वायर तपासली, अंतर तपासलं, चष्मा पुसला. रेघ मेल्यासारखी पडून. मागून कोणीतरी म्हणालं, "झोपलं वाटतं डबडं." तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. खाण्याचं यंत्र, म्हणजे दांडा स्टेनलेस स्टीलचा! तुमच्या स्वयंपाकघरातल्या चांगल्या स्टीलच्या डब्याला चुंबक लावून बघा, चिकटत नाही. ज्याला चुंबक ओळखत नाही त्याचा पीळ माझ्या सेन्सरला दिसणार कसा? हे मी शेकडो गिऱ्हाइकांना शिकवलेलं. बोंबला!

नशिबाने गिअरबॉक्समधून बाहेर येणारा दांडा साध्या पोलादाचा होता, आणि मोडत होता तोही तोच. तो पुढे स्टेनलेसच्या दांड्याला जोडलेला, मध्ये चार बोटांची जागा. तिथे सेन्सर बसवला, वरून जाळी लावली, आणि रेघ उठून चालायला लागली. मी घाम पुसला.

मग एकेकीला बटणापाशी उभं केलं. शोभाने चालवलं, रेघ सरळ. मालतीने चालवलं, रेघ सरळ. कमलवहिनी उभ्या राहिल्या. त्यांची उभं राहायची पद्धत वेगळी होती. दुखरा उजवा हात गिअरबॉक्सवर टेकवायच्या आणि कडेला आलेलं पीठ लाकडी उलथण्याने डाव्या हाताने आत लोटायच्या. त्या उभ्या राहिल्या आणि रेघ दुप्पट वर गेली. त्या बाजूला झाल्या, रेघ खाली आली. पुन्हा उभं केलं, पुन्हा दुप्पट. मी चार वेळा करून बघितलं. मधे पीठ मुरायला यंत्र थांबायचं तेवढा वेळ नोंदही बंद ठेवायचो. एवढा स्वच्छ निकाल मला नोकरीतसुद्धा फारसा मिळाला नव्हता.

सगळ्यांना पडद्यापाशी बोलावून मी बोटाने दाखवलं. "बाकीच्यांचं इथे. वहिनींचं इथे. त्या पीठ फार जोराने दाबतात, दांड्याला ते झेपत नाही."

कमलवहिनी पडद्याकडे बघत राहिल्या. "भावोजी, माझा एक हात वर जात न्हाय. दुसऱ्या हाताने उलथणं धरते. जोर कुठून आणू?"

आणि मी, गाढवाने, ते वाक्य म्हटलं. "वहिनी, माणूस खोटं बोलेल, यंत्र बोलणार नाही."

कोणी मान डोलावली नाही. सुलभाला अध्यक्ष म्हणून काहीतरी बोलणं भाग होतं. ती म्हणाली, "कमल, उद्यापासून तू मशीनला हात लावू नकोस. लाट्या करायला बस." कमलवहिनींनी उलथणं भांड्याच्या कडेला ठेवलं, हात पुसले आणि म्हणाल्या, "लाट्यांना बी दुसरी बघा. मी येत न्हाय." आणि त्या निघून गेल्या. त्यांनीच मला बोलावलं होतं, विश्वासाने, आणि मी त्यांना सगळ्यांसमोर खोटं पाडलं होतं. पण मला तेव्हा वाईट वाटलं ते नुसतं परक्याबद्दल वाटतं तसं. माझं मोजमाप बरोबर होतं ना!

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सामान काढायला शेडवर गेलो. भांडं धुऊन कोरडं ठेवलेलं, मोटर बंद. रेघेचं शून्य तपासून मगच सेन्सर काढायचा, ही माझी शिस्त, म्हणून लॅपटॉप चालू केला. तेवढ्यात कमलवहिनी आल्या. शेडची चावी त्यांच्याकडे असायची, ती परत करायला. चावी त्यांनी खिळ्याला अडकवली. मग चूल पेटवली. शेडमध्ये काम करणाऱ्या माणसाला चहा द्यायचा हा गटाचा रिवाज, आणि राग आला म्हणून रिवाज मोडतील तर त्या कमलवहिनी कसल्या! चहा झाला. त्यांनी कप उजव्या हाताने गिअरबॉक्सवर ठेवला.

रेघ वर गेली.

मी पडद्याकडे बघितलं. मोटर बंद. भांडं रिकामं. पीठ नाही, फिरणं नाही, आणि दांड्याला म्हणे दुप्पट पीळ! वहिनींनी हात मागे घेतला. रेघ खाली.

"वहिनी, कप उचला बरं."

"का? साखर कमी झाली?"

"उचला हो. हां. आता परत ठेवा."

त्यांनी ठेवला. रेघ वर. "उचला." खाली. "ठेवा." वर. चहा बशीत सांडला.

"भावोजी, डोकं फिरलं काय तुमचं?"

"वहिनी, हातात काय आहे तुमच्या?"

त्यांनी पदराखालून मनगट पुढे केलं. काळ्या मण्यांचं जाड कडं. मुरुडच्या आठवडी बाजारात एकाने विकलं होतं: चुंबकाचं कडं, रक्त फिरतं, खांद्याचं दुखणं जातं. मी खिशातला स्क्रू ड्रायव्हर जवळ नेला तर तो टपकन कड्याला जाऊन चिकटला.

"दुखणं गेलं का?"

"दुखणं हाय तिथंच हाय."

"चुंबक मात्र खरं आहे हो," मी म्हटलं, आणि मला हसू फुटलं. आधी हसू फुटलं आणि मग एवढी लाज वाटली की मी तिथल्याच पिठाच्या डब्यावर बसलो. माझा सेन्सर चुंबकत्वाचा केसाएवढा फरक टिपतो. त्याच्या शेजारी, वीतभर अंतरावर, ही बाई चुंबकाचं कडं घालून हात टेकवून उभी होती. रेघ तिच्या जोराने चढतच नव्हती, तिच्या कड्याने चढत होती. ज्या हाताने काम होत नाही त्या हाताच्या औषधाने मी तिला दोषी ठरवलं होतं.

"वहिनी, मी तुमच्यावर खोटा आळ घेतला."

"तुम्ही कसला घेताय? तुमचं यंत्र खोटं बोलत न्हाय ना?" त्या म्हणाल्या. मला ते लागलं, आणि लागायलाच हवं होतं.

"यंत्र खोटं बोललंच नाही," मी म्हटलं. "चुंबक जवळ आलंय एवढंच ते सांगत होतं. बाकीचं सगळं मी बोललो."

तिथे बसल्या बसल्या मला जुने रिपोर्ट आठवायला लागले. एका गिरणीतला ऑपरेटर आठवला, "साहेब, मी काही केलं नाही" म्हणणारा. माझ्या रिपोर्टवरून त्याची पाळी बदलली होती. त्या दिवशी तिथे शेजारी वेल्डिंग चालू होतं का? कोणाच्या खिशात काही होतं का? मी विचारलंच नव्हतं. त्याचं बरोबर होतं की माझं, हे आता कधीच कळणार नाही. ती रुखरुख मी अजून बाळगून आहे.

कमलवहिनींना माझ्या रुखरुखीशी देणंघेणं नव्हतं. त्यांनी सांडलेला चहा पुसला आणि मुद्द्याचं विचारलं. "मी तोडला न्हाय, हे झालं. मग तोडला कोणी? तिसरा बी तुटला तर मशीन जाणार. मग तुमची माफी घेऊन मी काय कुटू?"

दुपारी सगळ्यांना पुन्हा जमवलं. मी उभा राहून सांगितलं, "काल मी जे बोललो ते साफ चूक होतं. वहिनींनी काहीही केलेलं नाही. चूक माझी." आणि कड्याचा खेळ करून दाखवला. कडं जवळ, रेघ वर. कडं लांब, रेघ खाली. पाच-सहा जणींनी स्वतः करून बघितला. म्हाताऱ्या रखमाकाकी तर लहान मुलासारख्या पुन्हा पुन्हा करत होत्या. मग कडं खिडकीत ठेवून कमलवहिनी बटणापाशी उभ्या राहिल्या. यंत्र फिरलं, पीठ फिरलं, रेघ शोभासारखीच, मालतीसारखीच सरळ. शेडमध्ये कुजबुज सुरू झाली. सुलभा कोणाकडेच बघत नव्हती.

पीठ अर्धं कुटून झालं तशी ती नेहमीप्रमाणे म्हणाली, "थांबव." यंत्र थांबलं. आता पिठाची परीक्षा. पंधरा जणींनी पंधरा चिमट्या घेतल्या, तेलात बुडवल्या, ओढल्या, चाखल्या. मीठ कमी, मीठ बरोबर, हिंग जास्त, कुठला हिंग आणला गो? मग पिठावर ओलं फडकं टाकून "मुरू दे जरा." माझ्या आईने सुलभाला शिकवलेली रीत ही. मधे मुरलं नाही तर पापड लाटताना फाटतो. मी सवयीने लॅपटॉपवरची नोंद बंद करायला हात पुढे केला.

"भावोजी, बंद का करताय? काल बी इथंच बंद केलंत," कमलवहिनी म्हणाल्या.

"बंद यंत्रात काय मोजायचं? फिरायला लागलं, स्थिर झालं, की परत सुरू करतो. कारखान्यात असंच करायचो."

"पण दोन्ही वेळा शाफ्ट सुरू करतानाच तुटलाय."

मी थिजलो. "हे मला आधी का नाही सांगितलंत?"

"विचारलं कोणी?"

खरंच, कोणी विचारलं नव्हतं. तुटला तेव्हा नेमकं काय चाललं होतं, हा शाफ्टवाल्याचा पहिला प्रश्न. चौतीस वर्षं कारखान्यांत मिरवलेला माणूस तो विचारायला विसरला होता, कारण समोर साहेब नव्हता, पापडवाली बाई होती. मी हात मागे घेतला. नोंद चालू ठेवली.

वीस मिनिटं गेली. फडकं काढलं. "लाव," सुलभा म्हणाली. कमलवहिनींनी बटण दाबलं आणि यंत्र म्हशीसारखं रेकलं. रेघ सरळ वर गेली आणि पडद्याच्या बाहेर गेली. "बंद! बंद!" मी ओरडायच्या आधीच वहिनींनी बंद केलं होतं.

सगळ्याजणी पडद्यापाशी आल्या. आता समजावून सांगायला शास्त्र लागलंच नाही. पोह्याचं पीठ पाणी पितं आणि घट्ट होतं, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. उखळात ते कितीही घट्ट झालं तरी मुसळ वरून पडतं, बिघडत काही नाही. यंत्राचे हात मात्र त्या पिठात गाडलेले. घट्ट झालेल्या गोळ्यात ते अडकून बसतात, मोटर एकदम हिसका देते, आणि सगळा पीळ त्या बिचाऱ्या चार बोटांच्या दांड्यात. रोज दोनदा तीनदा असा हिसका. दांडा किती दिवस सोसेल?

रखमाकाकी म्हणाल्या, "म्हंजी 'थांबव' म्हणनारीनं तोडला."

चौदा माना सुलभाकडे वळल्या. तिचा चेहरा लालबुंद. "म्हणजे दोन्ही शाफ्ट मी तोडले?" तिने हे मला विचारलं. छत्तीस वर्षांच्या संसाराने मला काही शहाणपण दिलं आहे. मी शेडच्या पत्र्याकडे बघत राहिलो.

"कोणी तोडलं न्हाय," कमलवहिनी म्हणाल्या. "पीठ मुरायला तर पायजेच. सुलभाताईंचं खरं हाय, न्हायतर पापड फाटनार. पण ते भांड्यातच कशाला मुरवायचं? बाहेर काढू, परातीत मुरवू. मग आधी मशीन फिरतं ठेवायचं आणि पीठ तोडून तोडून टाकत जायचं. लाटीएवढं, लाटीएवढं."

अहो, मी हे काम करून पगार घ्यायचो! असा उपाय सुचवायला मी कारखान्यांना आठवडा लावायचो, आणि त्याची फाइल व्हायची. इथे चुलीवरचा चहा उतू जायच्या आत झालं होतं.

लगेच करून बघितलं. गोळा परातीत काढला, फडक्याखाली मुरवला. वहिनींनी रिकामं यंत्र चालू केलं आणि डाव्या हाताने पिठाचे तुकडे सोडायला लागल्या. रेघ पायरी पायरीने चढली, शांतपणे, मघाच्या निम्म्यालाही पोचली नाही, आणि तिथेच चालत राहिली. आवाजसुद्धा बदलला. शोभाने टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच. मी पडद्याकडे बघत होतो आणि डोळे भरून आले होते. चष्म्याचं निमित्त करून पुसले. नोकरीत मी शेकडो रेघा बघितल्या, पण एवढा आनंद एकीनेही दिला नव्हता.

आता शेवटची परीक्षा राहिली. पीठ झालं की नाही हे ठरवणं. गटात हा शब्द सुलभाचा. बाकीच्या कितीही बोलोत, ती चिमूट ओढून "झालं" म्हणेपर्यंत पंधरा पोळपाट उभेच्या उभे भिंतीला टेकून राहायचे.

कमलवहिनींनी यंत्र बंद केलं. चिमूट घेतली, तेलात बुडवली, ओढली. लांब, पांढरी तार आली. "झालं," त्या भरात बोलून गेल्या, आणि लगेच त्यांनी जीभ चावली. सगळ्या सुलभाकडे बघायला लागल्या. वहिनींनी दुसरी चिमूट घेऊन हात तिच्यापुढे धरला.

"ताई, बघा."

सुलभाने चिमूट घेतली नाही. ती म्हणाली, "काल तू खरं सांगत होतीस, आणि मी ऐकलं नाही. आज तू झालं म्हणालीस ना? मग झालं."

आणि तिने भिंतीला टेकलेला पहिला पोळपाट उचलला.